बोर्डिंगचं डिपॉझिट अडकलंय? आधी तारीख बघा

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार दादांनी विचारलंय. जून २०२३ मध्ये पोराला सातवीला एका नामांकित बोर्डिंग शाळेत टाकलं, शाळा महाराष्ट्रातलीच पण गावापासून रात्रभराचा प्रवास. वर्षाची फी एकदम भरली, वर एक लाख डिपॉझिट. दिवाळीला पोरगा घरी आला तो परत जायला तयारच नाही. सीनियर मुलं बूट पॉलिश करून घेतात, रात्री उठवून हॉकी स्टिकने मारतात, आणि सांगायला गेलं तर हाउसमास्तर (म्हणजे होस्टेलमधल्या मुलांच्या एका गटाचे, 'हाउस'चे, प्रमुख शिक्षक) म्हणतात ही आमच्या हाउसची परंपरा आहे. दादांनी फोन करून नाव काढलं. शाळेने दुसऱ्या टर्मची फी ठेवून घेतली, डिपॉझिट दिलं नाही, दाखलाही अडवला. जळगाव, धुळे, शहादा, सगळीकडून असेच प्रश्न येतात, शाळेचं नाव तेवढं वेगळं असतं.

दादा, शाळा चुकली का यावर मी वेळ घालवत नाही. तुमचं सगळं एका तारखेवर आहे. पोरगा नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला, पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, म्हणजे नोव्हेंबर २०२६. तुम्ही लिहिलंय की "बोलणी चालू होती म्हणून थांबलो". बोलण्यांनी मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवली तरी वाढत नाही. आणि उशीर झाला तर जज्जसाहेबांना दया येऊनही उपयोग नाही, कारण उशीर माफ करायचं मुदत कायद्यातलं कलम ५ अपिलाला आणि अर्जाला लागतं, दाव्याला लागतच नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट, आणि लोक माझ्याकडे मुदत संपल्यावर येतात, खरंच जीव तुटतो.

आता तुम्ही शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, मार्च २०२४ मध्ये शाळेच्या अकाउंट ऑफिसचा ईमेल आला होता की "डिपॉझिट परत करायची प्रोसेस चालू आहे". अहो, पहिल्यांदा हेच सांगायचं होतं! देणं लागतो असं शाळेने मुदतीच्या आत लेखी मान्य केलं तर कलम १८ प्रमाणे तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात, म्हणजे मार्च २०२७. शाळा म्हणेल ईमेलवर सही नाही, त्यावर भांडण होईल, म्हणून त्या भरवशावर बसू नका, दावा नोव्हेंबरच्या आतच लावा, ईमेल जादाचा आधार म्हणून राहू द्या. आणि हा फायदा फक्त डिपॉझिटला, फीबद्दल त्यांनी काही कबूल केलेलं नाही. मोबाईल बदलला म्हणता, पण ईमेल मोबाईलमध्ये नसतो, अकाउंटमध्ये असतो, आजच उघडून बघा. प्रिंट काढली तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (ही प्रत मूळ ईमेलचीच आहे असं सांगणारं) लागेल, ते तुमचे वकील तयार करतील.

दुसऱ्या टर्मच्या फीचं मी छातीठोक सांगत नाही. ॲडमिशन फॉर्मवर एक टर्म आधी लेखी नोटीस, नाहीतर एका टर्मची फी, असं कलम आहे आणि खाली तुमची सही आहे. करार कायद्याच्या कलम ७४ मुळे शाळेला वाजवी तेवढीच भरपाई ठेवता येते असं मांडता येईल, पण पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका. दाव्याचं ठिकाणही फॉर्ममध्ये शाळेच्या गावचं लिहिलंय, ते बहुधा टिकेल.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने तक्रार जळगावला करता येते, पण मुदत दोनच वर्षं, ती गेली. तिथे उशीर माफ करायचा अर्ज चालतो, पण शिक्षणसंस्था या कायद्यात येतच नाहीत असं राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटलंय, त्यामुळे त्यात वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

दाखल्याचं सोपं आहे. आठवीपर्यंत आरटीई कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो लगेच द्यायचाच असतो, फी बाकी आहे म्हणून अडवता येत नाही.

राहिली ती परंपरा. हाउस आणि प्रीफेक्ट (लहान मुलांवर देखरेख करायला नेमलेली मोठी मुलं) ही पद्धत १८७५ च्या मेयो कॉलेजपासून १९३५ च्या डून स्कूलपर्यंत चालत आली, त्यात वावगं काही नाही. पण लहान पोराला मारून नोकरासारखं राबवणं हे रॅगिंग, आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग कायद्यात बोर्डिंग, होस्टेल दोन्ही येतात. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पालकाने लेखी तक्रार दिली की मुख्याध्यापकाला सात दिवसांत चौकशी करावीच लागते, नाहीतर त्यालाही गुन्ह्याला मदत केली असं धरतात. तुम्ही काय केलंत? फोन. फोनने ते सात दिवस सुरूच होत नाहीत! पोलिसांत अजून जाता येईल, पण त्याचीही मुदत तीन वर्षंच, आणि ती सीनियर मुलं तेव्हा अठराच्या आतली असतील तर त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल. पोराला विचारा, त्याची तयारी नसेल तर त्याला ओढू नका. तयारी असेल तर त्याच्या तोंडून तारखा, नावं, कोणत्या खोलीत काय झालं ते आत्ताच लिहून काढा.

कोर्टात एक लाखासाठीही वर्षानुवर्षं जातात, याचा मला रोज संताप येतो, पण दावा मुदतीत लागलेला असला तर शाळा तडजोडीला बसते, आणि मुदत गेली की फोनसुद्धा उचलत नाही. फीच्या पावत्या, फॉर्मची झेरॉक्स आणि तो ईमेल घेऊन याच आठवड्यात शाळेच्या गावच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारा वकील गाठा.