नायजेल नावाला हसतात का?

प्रश्न : माझी मुलगी यूकेला जॉब करते. तिच्या ऑफिसात नवे साहेब येणार होते, नायजेल नावाचे, तर ते यायच्या आधीच टीममधली पोरं नुसतं नाव ऐकून खुसूखुसू हसायला लागली म्हणे. मी नेटवर बघितलं तर नायजेल म्हणजे 'काळा' असं दिलंय. म्हणून हसतात का?

उत्तर : नाही हो, अर्थाचा काही संबंध नाही, आणि तो अर्थसुद्धा चुकूनच चिकटलाय. मूळ नाव आयरिश, नीअल, त्याचंच पुढे नील झालं (आपल्या नीलशी नातं नाही, उगाच जोडू नका). व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारूंनी, ते आयर्लंडहून उचललं, फ्रान्सकडचे नॉर्मन लोक ते इंग्लंडात घेऊन आले. आता तिथली कागदपत्रं सगळी लॅटिनमधे, आणि लॅटिनमधे 'निगेर' म्हणजे काळा, तर कारकुनांना वाटलं नाव त्यातूनच आलं असणार, दिलं ठोकून 'निगेलस'! 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे त्यांच्या जमिनीच्या दप्तरात, असे निगेलस भेटतात. थोडक्यात नील आणि नायजेल एकच, एकाला फक्त कारकुनाचा हात लागलाय. कलौंजीचं शास्त्रीय नाव निगेला, ते मात्र खरोखर काळ्या दाण्यांवरूनच.

हसण्याचं कारण वय. 1950-60 च्या सुमारास हे नाव तिकडे जोरात होतं, त्यामुळे नायजेल म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर ब्लेझर घातलेले, जरा शिष्ट असे काकाच येतात. 1992 चा फॉर्म्युला वन चॅम्पियन नायजेल मॅन्सेल, थॅचरबाईंचे अर्थमंत्री नायजेल लॉसन, आता ब्रिटिश राजकारणातले नायजेल फराज, सगळे त्याच वयोगटाच्या आगेमागे. नव्या बाळाला कोणी ठेवतच नाही, इंग्लंड-वेल्सच्या 2016 च्या बाळांच्या नावांच्या यादीत नायजेल सापडलाच नाही. म्हणजे अगदी शून्य असं नाही, तीनपेक्षा कमी बाळं असली की ते नाव यादीत छापतच नाहीत, पण वेळ आली ना तिथपर्यंत!

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे तर मित्र नसलेल्या एकट्या माणसाला 'नायजेल नो-मेट्स' म्हणून चिडवतात. न्यूझीलंडच्या माना बेटावर गॅनेट पक्षी यावेत म्हणून सिमेंटचे खोटे पक्षी मांडले होते, त्यातल्या एका सिमेंटच्या मादीवर एक खरा गॅनेट भाळला, तिच्यासाठी घरटंही करायचा बिचारा. त्याचंही नाव लोकांनी नायजेलच ठेवलं होतं. 2018 मधे तो गेला, तिच्याशेजारीच.