मुंबईत ‘लॉफ्ट अपार्टमेंट’ विकत घेताना पोटमाळ्याचे पैसे द्यावेत का?

परळमधील एका जुन्या इमारतीत १४ फूट उंचीचे घर आपल्याला ‘लॉफ्ट अपार्टमेंट’ म्हणून दाखवण्यात आले आहे. खालचे ४०० आणि माळ्यावरचे २०० असे ६०० चौरस फूट धरून त्याचे दोन कोटी रुपये मागितले जात आहेत, आणि आपण, आपल्या पत्नी व आपल्या आई असे तिघे तेथे राहणार आहात, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः गिरगावात साडेतेरा फूट उंचीच्या घरात आठ वर्षे राहते आहे. माझे उत्तर असे की घर मनात भरले असेल तर जरूर घ्यावे, पण ते ४०० चौरस फुटांचे घर म्हणून घ्यावे. माळ्याच्या सोयीसाठी थोडी अधिक किंमत देणे मी समजू शकते. माळ्याला खालच्या जागेचा भाव देणे मात्र चूक आहे.

घरासाठी ‘लॉफ्ट’ हा शब्द न्यूयॉर्कच्या सोहो भागातून रूढ झाला. तेथील रिकाम्या पडलेल्या कारखान्यांच्या उंच मजल्यांवर चित्रकार व शिल्पकार राहू लागले आणि अशा वस्तीला संरक्षण देणारा कायदा १९८२ साली झाला. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला. पण गिरणगावातल्या बहुतेक गिरण्यांच्या इमारतींची घरे झाली नाहीत, त्या पाडून तेथे टॉवर आणि कार्यालये उभी राहिली. म्हणून परळमध्ये या नावाखाली जे विकले जाते, ते बहुधा उंच छताच्या जुन्या खोलीत मागाहून घातलेला पोटमाळा असते, आणि त्याचा हिशेब मुंबईच्या नियमांनीच करावा लागतो.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत माळ्याची व्याख्या सामान ठेवण्यासाठीची मधली जागा अशी आहे आणि तिची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट, असू शकते. त्याहून उंच, राहण्याजोगा मधला मजला हा वेगळा प्रकार आहे. तो एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामाच्या प्रमाणात, मोजला जातो आणि त्याला पालिकेची मंजुरी लागते. आता आपली १४ फूट उंची घ्या. राहत्या खोलीला साधारणपणे किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, उंची लागते. तेवढी खाली सोडली आणि माळ्याची जाडी अर्धा फूट धरली, तर वर साडेचार फूट उरतात. खालची उंची आठ फुटांवर आणली तरी वर साडेपाचच फूट मिळतात, म्हणजे खाली डोक्यावर छत आल्यासारखे वाटते आणि वरही नीट उभे राहता येत नाही. टेप घेऊन जावे आणि दोन्ही उंची स्वतः मोजाव्यात.

सर्वांत आधी विक्रेत्याकडे पालिकेने मंजूर केलेला नकाशा मागावा आणि त्यात तो मधला मजला दाखवला आहे का ते पाहावे. नकाशात नसलेले बांधकाम कोणीही केलेले असो, महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ खालची नोटीस आली तर उत्तर त्या वेळच्या मालकाला द्यावे लागते. ‘तीस वर्षांत कोणी काही विचारले नाही’ हे वाक्य मलाही ऐकवण्यात आले होते. ते खरेही असेल, पण त्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

आम्ही हे शिकलो ते बयाणा देऊन झाल्यावर. बँकेने पाठवलेल्या मूल्यांकनकर्त्याने नकाशा आणि खोली ताडून पाहिली आणि माळा हिशेबात धरण्यास स्पष्ट नकार दिला. आपल्या आकड्यांत सांगायचे तर, दोन कोटींना ६०० चौरस फूट म्हणजे चौरस फुटाला सुमारे ३३,३०० रुपयांचा भाव. पण क्षेत्रफळ ४००च धरले तर तोच भाव ५०,००० होतो. बँकेने ३३,३०० हाच दर योग्य मानला तर तिच्या लेखी घराची किंमत सुमारे १ कोटी ३३ लाख होते. एवढ्या मोठ्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून दीड कोटीऐवजी साधारण एक कोटीच कर्ज मिळेल आणि उरलेला एक कोटी आपल्याला स्वतः उभा करावा लागेल. मुद्रांक शुल्क मात्र पूर्ण दोन कोटींवर ६ टक्क्यांप्रमाणे १२ लाख रुपये पडेल. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास महिलांसाठीच्या सवलतीमुळे ते १० लाखांवर येऊ शकते, याचा विचार करावा. आम्ही तो मूल्यांकन अहवाल विक्रेत्यासमोर ठेवला आणि भाव खाली आणवला. त्यात सात आठवडे गेले.

माळा कशावर उभा आहे हेही पाहावे. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. त्या हिशेबाने २०० चौरस फुटांवर, माळ्याचे स्वतःचे वजन सोडून, ३.७ टन भार येतो. गर्डरची टोके जाड भारवाहक भिंतीत नीट बसवलेली असतील तर एक गोष्ट, आणि अर्ध्या विटेच्या आडभिंतीत खुपसलेली असतील तर अगदी दुसरी. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडून घ्यावा आणि आपला स्वतंत्र अभियंताही एकदा नेऊन आणावा.

राहण्याविषयी दोन शब्द. उंच खोलीत मे महिन्यातही खाली बरे वाटते, कारण गरम हवा वर जाते. पण आपण झोपतो तेही वरच. आम्ही दोन उन्हाळे वर झोपण्याचा प्रयत्न केला आणि नंतर अंथरूण खाली आणले. वर वाऱ्यासाठी खिडकी किंवा झडप नसेल तर फोडणीचा धूरसुद्धा तेथेच कोंडून राहतो. घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर ते एकदा भर पावसाळ्यात पाहावे, कारण गळती असली तर ती थेट अंथरुणावर येते. माळ्यावर आम्ही आता पुस्तके, गाद्या आणि दिवाळीचे सामान ठेवतो, आणि माझी मुलगी तेथे बसून अभ्यास करते. खालची मोकळी उंची, सकाळी आत खोलवर येणारा उजेड, याचे सुख मला आजही वाटते आणि त्यासाठी दिलेल्या पैशांची खंत नाही.

पुनर्विकासाचा प्रश्न परळमध्ये टळणार नाही. त्यात आपला हक्क अधिकृत चटई क्षेत्रावर मोजला जाईल, माळ्याचे २०० चौरस फूट त्यात धरले जाण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि नव्या घरात १४ फूट उंचीही बहुधा मिळणार नाही. खोली पागडीची असेल तर आपण मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क विकत घेत आहात. तेव्हा घरमालकाची लेखी संमती आणि नव्या नावाची भाडेपावती यांशिवाय रक्कम देऊ नये.

आपल्या आईंची झोपण्याची जागा खालच्या ४०० चौरस फुटांतच आखून पाहावी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि त्यांची खाट मांडल्यावर आपणा दोघांनाही खालीच जागा उरत असेल, तर हे घर तिघांना पुरेल.