नोकरी सोडण्याआधी

बाळा, पूर्णवेळ चित्रकार व्हायचं म्हणून नोकरी सोडायची घाई नको. मी जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा परळच्या चाळीत १० बाय १२च्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. टर्पेंटाइनच्या वासाने आईला रात्रभर खोकला यायचा, म्हणून तैलरंग बाजूला ठेवून जलरंगाकडे वळलो. कागद लवकर वाळतो आणि गादीखाली सपाट राहतो. लहान घराला तेच परवडतं.

घर हिच्या पगारावर चाललं, हे चारचौघांत कबूल करायला मी फार उशीर केला. तू घरच्यांना आधीच आकड्यांसकट सांग: रंग, कागद, हॉलचं भाडं. आणि फ्रेमिंग, पैसा खरा तिथे जातो.

प्रदर्शनासाठी जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज लवकर टाक, तारखेसाठी वर्षं थांबावं लागतं. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्रं पाठव. १८८८पासूनची संस्था आहे. काळा घोड्याच्या फुटपाथवर चित्रं मांडणाऱ्यांशीही बोल. चालता माणूस कशापाशी थांबतो, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

मुलीच्या स्नेहसंमेलनाला मी एकदाही गेलो नाही. दरवेळी कुठलं तरी प्रदर्शन आडवं आलं. त्यातली बरीचशी चित्रं आज मला आठवतही नाहीत.