इस्तिखारा म्हणजे ‘कौल लावणे’ का?

प्रश्न असा आहे: उर्दू कथेतलं ‘उसने रिश्ते के लिए इस्तिखारा किया’ हे वाक्य मराठीत ‘तिने स्थळासाठी कौल लावला’ असं केलं तर चालेल का? (इस्तिखारा म्हणजे एखादा निर्णय घेण्याआधी नमाज पढून अल्लाहकडे भलं मागणं.)

नाही चालणार. कोकणात कौल लावताना देवाला तांदूळ किंवा कळ्या चिकटवतात आणि उजवा पडतो की डावा, ते बघतात. तिथे खूण मिळते आणि ती वाचायची असते. इस्तिखाऱ्यात वाचण्यासारखं समोर काही नसतं, फक्त मागणं असतं. ‘कौल’ हा शब्दही अरबीच आहे (बोल, वचन, म्हणून कौलनामा). तेव्हा अडचण शब्दाच्या कुळाची नाही, कृतीची आहे.

अरबीत धातूला ‘इस्ति-’ लागलं की बहुधा ‘ती गोष्ट मागणे’ असा अर्थ होतो. ‘इस्तिगफार’ म्हणजे क्षमा मागणे, ‘इस्तिस्का’ म्हणजे पाऊस मागणे. हिंदीतला ‘इस्तीफा’ही मुळात ‘मोकळं करा’ अशी विनंतीच. आपली ‘माफी’ त्याच धातूची. इस्तिखाऱ्याचा धातू ख-य-र: भलं, आणि भलं ते निवडणं. ‘आता त्याची खैर नाही’ मधली खैर, खैरात, अखत्यार आणि कुलमुखत्यारपत्रातला मुखत्यार ही सगळी याच धातूची मंडळी. (कातवाला खैर वेगळा, तो संस्कृत ‘खदिर’.) म्हणजे इस्तिखारा करणारा म्हणतो, माझ्यासाठी भलं काय ते तू निवड. निवडीचा अखत्यार तो अल्लाहकडे सोपवतो.

कृती पाहिली की हे पटतं. वुझू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) करून दोन रकात (रकात म्हणजे नमाजेचा एक फेरा) नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढायची. फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजेतच इस्तिखारा उरकता येत नाही. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदीत) ‘फर्जाव्यतिरिक्त दोन रकात’ असं स्पष्ट आहे. पहिल्या रकातीत काफिरून आणि दुसरीत इख्लास हे सूरे (कुराणातले अध्याय) अनेकजण पढतात, पण ते बंधन नाही. फज्रनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) सूर्य वर येईपर्यंत, सूर्य डोक्यावर असताना आणि अस्रनंतर (दुपार कलल्यावरच्या नमाजेनंतर) मावळेपर्यंत ही वेळ टाळतात. सलाम फिरवून नमाज संपवल्यावर दुआ, म्हणजे प्रार्थना. पाळीच्या दिवसांत नमाज नसते, तेव्हा नुसती दुआ करता येते.

ही दुआ पैगंबरांचे सोबती जाबिर बिन अब्दुल्लाह यांच्या कथनातून सहीह बुखारी या हदीससंग्रहात आली आहे. पैगंबर ती कुराणातला सूरा शिकवावा तशी शिकवत, असं ते सांगतात. सुरुवात ‘अल्लाहुम्म इन्नी अस्तखीरुक बिइल्मिक’ अशी: तुझ्या ज्ञानाच्या आधारे मी तुझ्याकडे भलं मागतो. ‘अस्तखीरुक’मध्ये आपला शब्द क्रियापद होऊन बसलाय. पुढे ‘हाजल-अम्र’ (हे काम) येतं, तिथे आपलं काम नेमकं सांगायचं: हे स्थळ, ही नोकरी, हे घर. नुसता अरबी पाठ म्हटला आणि काम मनातही आणलं नाही, तर मागितलं काय, हा प्रश्न उरतो. मग दोन्ही बाजू: हे माझ्या धर्माला, चरितार्थाला आणि शेवटाला भल्याचं असेल तर माझ्या वाट्याला आण, सोपं कर, त्यात बरकत दे, वाईट असेल तर ते माझ्यापासून फिरव आणि मलाही त्याच्यापासून फिरव.

या दुआत स्वप्नाचा उल्लेख कुठेही नाही. रात्री हिरवं दिसलं म्हणजे होकार, ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ‘कौल’ हे भाषांतर तिलाच बळ देतं. म्हणूनही ते मला नको वाटतं. दुआ झाली की माणूस चौकशी करतो, जाणत्यांचा सल्ला घेतो आणि पाऊल टाकतो. काम सोपं होत जाणं किंवा अडणं, हेच उत्तर. फर्ज आणि हराम गोष्टींसाठी इस्तिखारा नाही: नमाज पढू का, लाच घेऊ का, असं विचारायचंच नसतं.

इस्लामपूर्व अरब बाण काढून निर्णय घेत. कुराणाने (5:3) ते निषिद्ध केलं. कौलाच्या जवळचं ते होतं. मात्र शिया परंपरेत तसबीहचे (जपमाळेचे) मणी मोजून किंवा कुराण उघडूनही इस्तिखारा करतात. कथेत तसं वर्णन असेल, ‘इस्तिखारा निकलवाया’ असं असेल, तर मराठीत ‘काढून घेतला’ बरोबर बसतं. एरवी क्रियापद ‘करणे’च.

लिहिताना शब्द तसाच ठेवावा आणि ‘किनारा’सारखा चालवावा: इस्तिखारा केला, इस्तिखाऱ्याची नमाज, इस्तिखाऱ्यानंतर. पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच उलगडावा: ‘स्थळाला होकार देण्याआधी तिने इस्तिखारा केला, दोन रकाती पढून, भल्याचं असेल तेच होऊ दे, असं अल्लाहकडे मागितलं.’ जागा असेल तर दुआचा शेवटही घ्यावा: ‘सुम्म अर्जिनी बिही’, मग त्यात मला राजी कर. त्या ‘अर्जिनी’चा धातू आपल्या राजी, रजा, राजीनामा यांचाच, त्यामुळे तिथे ‘समाधानी’ न लिहिता ‘राजी’च लिहावं.