बीएस्सी गणितातून सॉफ्टवेअरकडे: तिसऱ्या वर्षी काय करावे?

प्रश्न: माझी मुलगी मुंबईत बीएस्सी गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सॉफ्टवेअरमध्ये जायचे आहे. नातेवाईक म्हणतात, गणित सोडून बीएस्सी आयटीला पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्या. काय करावे? – एक पालक, डोंबिवली

उत्तर: ताई, प्रवेश बदलू नका. आयटीच्या अभ्यासक्रमातले जे नोकरीसाठी लागते, ते तिला शेवटच्या वर्षात स्वतःहून शिकता येईल. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता मात्र नोकरी सांभाळून शिकणे फार जड जाते, आणि डेटा सायन्सचा पायाच तो आहे.

तिने भाषा एकच घ्यावी, पायथॉन किंवा जावा. सर्टिफिकेटे गोळा करण्यात महिने घालवू नयेत. त्याऐवजी डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडून ठेवण्याच्या रचना (अॅरे, स्टॅक, हॅश टेबल, ट्री, ग्राफ), स्वतः कोड लिहून पक्की करावीत. सोबत एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन आणि ग्रुप बाय, आणि कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा रोजचा वापर. एवढे नीट आले तरी मुलाखतीत पाय लटपटत नाहीत.

गणिताची मुले दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ ची तुलना ०.३ शी केली, तर उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे ‘समान नाहीत’, येते. ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या बायनरीत (फक्त ० आणि १ च्या पद्धतीत) तंतोतंत लिहिता येत नाही, म्हणून. तिथे दोहोंतला फरक पुरेसा लहान आहे का, एवढेच तपासायचे; रुपयांचा हिशेब असेल तर सगळे पैशांत, पूर्णांकात ठेवायचे. दुसरे म्हणजे, पद्धत बरोबर आहे हे सिद्ध झाले की काम संपले असे त्यांना वाटते. एक लाख नोंदींतून दुबार नोंदी शोधायला प्रत्येक जोडी तपासली, तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. आधी क्रमाने लावून घेतल्या, तर दुबार नोंदी शेजारीशेजारी येतात आणि तेच काम साधारण १७ लाख तुलनांच्या आसपास उरकते. मुलाखतीत नेमके हेच विचारतात.

प्रोजेक्ट म्हणून तिने लोकल-मेट्रोचा मार्ग शोधणारा प्रोग्रॅम करावा: डोंबिवलीहून अंधेरीला दादरला गाडी बदलून लवकर पोहोचतो, की घाटकोपरला मेट्रो पकडून? स्टेशने म्हणजे ग्राफचे शिरोबिंदू, मिनिटे म्हणजे कडांचे वजन, आणि कमीत कमी वजनाचा मार्ग शोधायला डायक्स्ट्राची पद्धत. दादर हा एकच बिंदू धरला, तर पूल ओलांडायची आणि गाडीची वाट पाहायची मिनिटे हिशेबातच येत नाहीत. मध्य आणि पश्चिम दादर वेगळे ठेवून मध्ये बदलाची कडा द्यावी लागते. असा एक प्रोजेक्ट तिला बारकाव्यासकट समजावून सांगता आला, तर तो दहा तयार वेबसाइटींपेक्षा मोलाचा.

आता पदवीचे. काही कंपन्या फ्रेशर घेताना फक्त बीई किंवा एमसीए मागतात, त्यामुळे नुसत्या बीएस्सीवर थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एमसीए दोन वर्षांचे आहे. राज्यातल्या कॉलेजांसाठी, म्हणजे व्हीजेटीआयसारख्या ठिकाणीही, सीईटी सेलची एमसीए सीईटी द्यावी लागते. एनआयटींसाठी निमसेट असते. अलीकडच्या रचनेत या परीक्षेच्या १००० गुणांपैकी ६०० गणिताचे आहेत. तुमच्या मुलीला याहून सोयीची परीक्षा नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तेव्हा अंदाजाने उत्तरे भरू नयेत. गणितातच रमत असेल तर आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सहा महिन्यांच्या डीएसी (अॅडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा) कोर्सचे नावही कानावर येईल. त्याला नुसती बीएस्सी गणित चालत नाही, गणितात एमएस्सी लागते. फी भरण्याआधी पात्रता वाचा.

निमसेट आणि सीईटीचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, परीक्षेच्या गडबडीतच निघतात. निमसेटला साधारणपणे ६० टक्के लागतात, म्हणून दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आताच काढून बेरीज करून पाहा. एखादा विषय राहिला असेल तर तो येत्या सत्रातच सोडवू द्या.