दुर्मिळ म्हणजे नेमके कुणासाठी दुर्मिळ?

रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी मराठीत कोणते दुर्मिळ शब्द आहेत, असे आपण विचारले आहे. यातल्या ‘दुर्मिळ’ या विशेषणाशी माझे वीस वर्षांचे भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

माझी सासुरवाडी नागपुरातच, महाल भागात. मोठे साडू मात्र पुण्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघे जावई बैठकीत बसलेलो असताना सासूबाईंनी आतून माझ्या पत्नीला सांगितले, “कोपरात कणीक भिजवून ठेवली आहे, गंजातलं दूध उतरव, अन् तो सराटा कुठे गेला ते पाह्य.” साडू खो-खो हसले. कोपरात कणीक, गंजात दूध, आणि सराटा हाताला टोचत नाही का, असे त्यांनी विचारले. आमच्याकडे कोपर म्हणजे मोठी परात, गंज म्हणजे पातेले आणि सराटा म्हणजे उलथणे; त्यांच्याकडे पहिले म्हणजे हाताचा सांधा, दुसरे लोखंडावर चढणारे आणि तिसरे शेतातले काटेरी गोखरू. विनोद चांगला होता, मीही हसलो. परंतु तोच विनोद पुढच्या प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर, त्याच क्रमाने सांगितला गेला. आठ-दहा वर्षांनी एकदा साडू ओट्याजवळ पाणी पीत उभे असताना सासूबाई मुलीला काही सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. ज्या भांड्यात त्यांनी चाळीस वर्षे दूध तापवले होते त्याच्याकडे पाहत, थोडा वेळ घेऊन, त्या ‘पातेलं’ म्हणाल्या. त्या दिवसापासून मला तो विनोद आवडेनासा झाला.

हे शब्द मराठी नव्हेतच, हिंदीच्या शेजाराने बिघडलेली भाषा आहे, असे साडूंचे म्हणणे आहे. नागपूर 1956पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि इथल्या बाजारात हिंदी सर्रास चालते, हे खरेच आहे. तरीही आम्ही ‘आलू’ म्हटले की हसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की ‘आलु’ हा कंदाला संस्कृतातच असलेला शब्द आहे आणि ‘बटाटा’ पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरलेला आहे. ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘घमेले’ हेही तिकडूनच आले, पण त्यांना कुणी बिघडलेले म्हणत नाही. मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ 13व्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात लिहिला गेला. तेव्हा शुद्धतेचे प्रमाणपत्र आम्हाला पुण्याहून मागवण्याचे कारण नाही. कोशात शब्द सापडला नाही हा पुरावाही मी मानत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली मुंबईत छापला गेला तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, आणि कोशकारांचे शास्त्री आमच्या चुलीपाशी येऊन बसले असतील असे मला वाटत नाही.

आता आपला प्रश्न. सुईच्या भोकाला ‘नेढे’ म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या आरपार छिद्रालाही हेच नाव आहे, आणि ते पाहायला घाम गाळत जाणारी मंडळी घरी मात्र ‘सुईचे भोक’ म्हणतात. कडी ज्यात अडकते तो कोयंडा. चुलीच्या बाजूला आच जाऊन दुसरे भांडे ठेवता यावे म्हणून केलेले तोंड म्हणजे वैल, आणि भांडी टेकवायला चुलीलगत केलेला कट्टा म्हणजे भानवस. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी ती धाव. पेरणीच्या तिफणीवर ज्या वाटीत बी सोडतात ते चाडे. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात, झाडूला फडा आणि कोथिंबिरीला सांबार, ज्याचा इडलीशी काहीही संबंध नाही. आणखी हवे असतील तर कोश चाळत बसू नका. लोहाराकडे, सुताराकडे किंवा साठीच्या पुढच्या कुठल्याही बाईच्या स्वयंपाकघरात जा आणि वस्तूकडे बोट दाखवून विचारा. मात्र उत्तर ऐकून हसू नका, कारण तुम्ही हसलात की तो शब्द तुमच्यासमोर पुन्हा येणार नाही आणि मग तुम्हीच त्याला दुर्मिळ म्हणाल.

वर मी ‘आमच्याकडे’ म्हटले ते नागपूर शहरापुरते, आणि तेही माझ्या ओळखीच्या घरांपुरते समजावे. अकोल्याकडची वऱ्हाडी वेगळी, भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली आणखी वेगळी. तिथला माणूस माझीही चूक काढू शकेल. शिवाय न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पायजम्यात नाडा ज्यातून ओवतात त्या पट्टीला ‘नेफा’ म्हणतात, हे मला साडूंनीच शिकवले. त्यांच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. एवढा साधा शब्द मला ठाऊक नाही याचे त्यांना त्या दिवशी मनापासून नवल वाटले आणि त्यांनी स्वतःचा पायजमा उलटा करून मला नेफा दाखवला. मी हसलो नव्हतो, एवढे येथे नोंदवून ठेवतो.