आधी त्यांच्या रात्री मोज

धंतोली, नागपूर

बेटा,

तुझी वही मी एका बैठकीत वाचली, मग काकूने वाचली, आणि काल दुपारी पेन्सिल घेऊन मी पुन्हा बसलो. दोनशे वर्षांपूर्वी मेलेलं, रक्तावर जगणारं एक हंगेरियन व्हँपायर जोडपं, भोवती दुसरं महायुद्ध आणि लंडनपासून आपल्या नागपूरपर्यंतची त्यांची पळापळ. विषय मला फार आवडला, आणि तो तुला पेलेल असंही वाटलं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला पहिल्यांदा सनावळ्याच दिसतात. तेवढं समजून घे.

सगळ्यात आधी त्यांच्या रात्री मोज. सूर्य उगवला की तुझे दोघं जळतात हा नियम तू पहिल्याच पानावर घातलास. हा नियम जुन्या लोककथांतला नाही, १९२२ सालच्या एका जर्मन मूकपटाने तो रुजवला. तरी घातलास ना, मग आता तो पाळ. लंडनमध्ये डिसेंबरची रात्र सोळा तासांची आणि जूनची जेमतेम साडेसात तासांची. बॉम्बफेकीला ७ सप्टेंबर १९४० ला तोंड लागलं आणि पुढे जवळजवळ दोन महिने, एखादा अपवाद सोडता, रोज रात्री विमानं आली. रात्री लांबत होत्या आणि विमानांना अंधार हवा होता. तुझ्या दोघांनाही अंधारच हवा. म्हणजे त्यांच्या शिकारीची वेळ आणि बॉम्ब पडायची वेळ एकच. तू त्यांना डिसेंबरात सुखाने हिंडवतेस आणि जूनमध्येही तसंच. माझ्या मते जूनमध्ये ते दोघं उपाशी आणि चिडलेले असायला हवेत. त्यातून १९४१ च्या उन्हाळ्यापासून तिथली घड्याळं दोन तास पुढे केली होती. सूर्य काही घड्याळ पाहून उगवत नाही, पण रुग्णालयाची पाळी, आगगाडी, दुकान सगळं घड्याळावर चालतं. रात्री अकरापर्यंत उजेड रेंगाळत असताना घराबाहेर न पडणाऱ्या जोडप्याकडे शेजारी कसे बघत असतील, ते लिही.

दुसरी चूक सरळ आहे. चांदीने त्यांची कातडी भाजते असं तू सांगितलंस, आणि दुसऱ्या प्रकरणात तो दुकानात शिलिंग मोजून देतो. इंग्लंडची ती नाणी १९२० पासून अर्धी चांदीची होती. आपल्याकडचा रुपया तर १९४० पर्यंत अकरा हिस्से चांदी आणि एक हिस्सा मिश्रधातू असा होता, युद्धात त्यातली चांदी निम्म्यावर आणली. तेव्हा एक तर त्याच्या हातात मोजे दे, नाहीतर तांब्याची चिल्लर. नागपुरात आल्यावर त्याच्या खिशात १९४३ चा भोकाचा पैसा असू दे. तांबं वाचवायला तो तसा पाडला होता. माझी आजी तसले पैसे सुतळीत ओवून खुंटीला टांगायची. पैशाला भोक कशाला, हे त्या परक्या माणसाला नवलाचं वाटेल, आणि त्या नवलातून वाचकाला युद्ध कळेल.

आता रक्ताबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तू लिहिलंस, 'शहरभर रक्त सांडलं होतं, त्यांना काहीच कमी नव्हतं.' त्या वाक्याने अख्ख्या कथेची भूकच मेली. सांडलेलं रक्त मिनिटांत गोठतं, धूळ आणि विटांचा चुरा त्यात मिसळतो. त्या काळी रक्ताचं खरं जग वेगळ्याच ठिकाणी होतं. युद्धाच्या तोंडावर लंडनभोवती लुटन, स्लाऊ, सटन आणि मेडस्टन इथे चार रक्तकेंद्रं उघडली. स्लाऊचं केंद्र जॅनेट व्हॉन या डॉक्टर बाईंनी चालवलं. दुधाच्या बाटल्यांच्या घडणीच्या बाटल्यांत रक्त भरायचे, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायचे, आणि आइस्क्रीमच्या गाड्यांमधून ते रुग्णालयांकडे धाडायचे. काळोखात, दिवे झाकून, बॉम्ब पडत असताना गाडी हाकायला बायका बसायच्या. तुझी नायिका अंधारात मांजरासारखं बघते. तिला त्या गाडीवर बसव!

बघ, यातून काय काय निघतं. तिच्या पाठीमागे बाटल्या खणखणताहेत, तिला वास येतोय, आणि पुढच्या रुग्णालयात कुणीतरी ढिगाऱ्याखालून काढलेलं पोर आहे. माणसाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास, आणि त्या पोराच्या अंगात त्याहून कितीतरी कमी. एक बाटली कमी झाली तर काय होईल हे तिला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. मग हे दोघं जगतात कशावर? ते रक्त फार दिवस टिकायचं नाही. जुनं झालं की वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून घ्यायचे, त्याने जखमी वाचायचे. खाली उरायचा तो लाल गाळ. त्या गाळावर जगणारं हे जोडपं मला दिसलं आणि कथा एकदम उभी राहिली. कुणाचं काही न घेता जगायचा मार्ग त्यांना दोनशे वर्षांत पहिल्यांदा सापडलाय, आणि तो युद्धाने दिलाय. युद्ध संपलं की तो मार्गही बंद. मग ते युद्ध संपावं असं त्यांना वाटेल का? हा प्रश्न त्या दोघांनी एकमेकांना विचारायला हवा, बहुधा तिने, आणि त्याने उत्तर टाळायला हवं.

त्यांचे कागदपत्र तू विसरलीस. सप्टेंबर १९३९ मध्ये तिथे घरोघर नोंदणी होऊन ओळखपत्रं दिली गेली, आणि जानेवारी १९४० पासून रेशन सुरू झालं. जन्मसालाच्या रकान्यात हे दोघं काय लिहितात? जेवत नाहीत, तरी कूपन मिळतात, त्या लोण्याचं आणि मटणाचं काय करतात? शेजारणीच्या मुलांना देत असतील, तर त्या गल्लीत त्यांच्याइतकं लाडकं कुणी नसेल. आणि ७ डिसेंबर १९४१ ला ब्रिटनने हंगेरीशी युद्ध पुकारलं, त्या दिवशी तेच लाडके शेजारी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरतात. जर्मन, इटालियन माणसांना आदल्याच वर्षी धरून आयल ऑफ मॅन या बेटावर ठेवलं होतं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. दोनशे वर्षं एका पेटीत झोपलेल्या नवराबायकोला ती बातमी कशी वाटेल? त्यांच्या पळण्याला हे कारण पुरेसं आहे. तू घातलेला तो जर्मन हेर काढून टाक, त्याची गरज नाही. हिंदुस्थानातही पुरंदर, सातारा, डेहराडूनला असे परके लोक स्थानबद्ध होते, म्हणजे इथे येऊनही ती भीती सुटत नाही.

एक गोष्ट तुला ठाऊक असावी म्हणून सांगतो. युरोपभर व्हँपायरचा बोलबाला झाला तोही एका युद्धानंतर. १७१८ मध्ये ऑस्ट्रिया आणि तुर्कांमधलं युद्ध संपलं, सर्बियाचा बराच मुलूख ऑस्ट्रियाकडे आला, आणि तिथल्या खेड्यांत मेलेली माणसं परत येतात अशा तक्रारी नव्या अधिकाऱ्यांपुढे येऊ लागल्या. १७३२ चा सगळ्यात गाजलेला अहवाल लष्करी शल्यवैद्यांचा आहे, आणि त्यातला पहिला संशयित तुर्कांच्या मुलखातून परतलेला एक लढवय्या होता. तुझ्या नायकाच्या पूर्वायुष्याला ही जागा देता येईल. त्याला उमराव, किल्लेदार करू नकोस. लढाईवरून परत आलेला, गावाने न स्वीकारलेला शिपाई असू दे.

शब्दाबद्दल थोडं. नागपूरच्या प्रकरणात तू त्यांना वेताळ म्हटलंस. बर्टन या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला व्हँपायर करून टाकलं, तिथून हा गोंधळ चालत आलाय. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, राजाला बोलायला लावतो. रक्तासाठी दाराशी तिष्ठत नाही. तुझ्या दोघांना निवेदनात व्हँपायरच राहू दे, आणि नागपूरच्या महाल भागातल्या बायकांना त्यांच्यासाठी त्यांचे शब्द वापरू दे. एखादी म्हणेल जखीण, एखादी म्हणेल नुसतं 'बाहेरचं काहीतरी'.

प्रवासाचंही गणित बसव. मुंबई ते नागपूर रुळांनी सुमारे ८४० किलोमीटर. त्या वेळच्या मेलला एक रात्र पुरत नव्हती. मग उजाडायच्या आत ते कुठे उतरले? भुसावळला? फलाटावर फौजी, पेट्या, पाण्याचे माठ, आणि त्यात ही दोन माणसं काळोखी जागा शोधत फिरताहेत. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण होतं. तू ते 'दुसऱ्या दिवशी नागपूर आलं' इतक्यात उरकलंस.

आणि नागपूर आलं की तू घाई करतेस. सगळ्यात जास्त माहीत असलेलं गाव तू सगळ्यात कमी पानांत लिहिलंस, याचं मला वाईट वाटलं. इथली सगळ्यात छोटी रात्रही साडेदहा तासांची आणि मोठी तेरा तासांची. लंडनच्या जूनमध्ये होरपळून आलेल्यांना ही सुबत्ता वाटेल. इथेही १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळं तासभर पुढे केली होती. आजी मरेपर्यंत 'जुना टाइम, नवा टाइम' म्हणायची. मारबतीची, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक घे. ती दिवसा निघते, म्हणजे तुझ्या दोघांना दिसणार नाही, बंद खिडकीआडून ऐकू येईल. हजारो माणसं ओरडताहेत, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!' तिला मराठी नीट येत नाही. ती त्याला विचारते, काय म्हणताहेत? त्याला तोवर बरंचसं कळायला लागलेलं असतं.

एका पानावर मात्र मी काट मारली आहे. १९४३ मध्ये दोघं कलकत्त्याला जातात आणि फुटपाथवर मरणाऱ्या भुकेल्या माणसांचं रक्त पितात, 'तसेही ते मरणारच होते' असं म्हणून. बंगालच्या त्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेल्याचं मानतात. ती माणसं तुझ्या पात्रांच्या सोयीसाठी मेली नाहीत. तुला तो प्रसंग ठेवायचाच असेल तर त्या वाक्याची किंमत कुणीतरी चुकवली पाहिजे, आणि वाचकाला त्या मरणाऱ्यांपैकी एकाचं तरी घर, गाव, हाक कळली पाहिजे. हेच ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव' चळवळीचं. नागपुरात गोळीबार झाले, पोरं मेली. त्या चळवळीतल्या शंकर महाले यांना १९४३ च्या जानेवारीत इथल्या तुरुंगात फाशी झाली. तुझा नायक भिंत चढून कुणाला तरी सोडवतो असं लिहू नकोस. जे खरोखर मेले त्यांचं मरण गोष्टीत फिरवू नये असं मला मनापासून वाटतं. तुझी माणसं त्या रात्री तुरुंगाबाहेर उभी राहू शकतात, तेवढं पुरे.

दोघं कधी भांडत कसे नाहीत गं? काकूने हेच पहिल्यांदा विचारलं. आमच्या लग्नाला ४६ वर्षं झाली, आणि एक भांडण त्यातलं ४० वर्षांचं आहे. त्याचं मूळ आता दोघांनाही आठवत नाही, फक्त कुठल्या शब्दावर थांबायचं ते ठाऊक आहे. दोनशे वर्षांच्या संसारात असं एक तरी हवं. मला वाटतं ते 'तुला कुणी विचारलं होतं' या वाक्याचं असावं. तिला व्हँपायर त्याने केलं, आणि तिला विचारलं नव्हतं.

आता शेवटचं, म्हणजे मला रात्रभर जागवणारं. बोलावल्याशिवाय ते कुणाच्या घरात शिरू शकत नाहीत, हा तुझा नियम. लंडनच्या बंद दारांना तो छान शोभतो. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा अख्खा मोहल्ला अंगणात आणि गच्चीवर बाजा टाकून झोपायचा. उंबरठाच नाही! सगळं गाव आभाळाखाली उघडं, आणि हे दोघं चांदण्यात त्या बाजांमधून चालताहेत. कुणी त्यांना अडवू शकत नाही. त्यांनी स्वतःला अडवायचं आहे, आणि इथे तो लाल गाळही मिळत नाही.

त्याच मोहल्ल्यात एक म्हातारी त्यांना रोज अंधार पडल्यावर अंगणात बसवते, बोलते. तिला यांची भाषा येत नाही, यांना तिची नीट येत नाही. निघताना ते तिच्याचकडून शिकलेलं म्हणतात, 'येतो.' आणि ती म्हणते, 'या.' आपण निरोप देतानाही बोलावतोच, हे तुझ्याही कधी लक्षात आलं नसेल, माझ्याही आलं नव्हतं. तिने दार कायमचं उघडून दिलं, आणि तिला ते माहीत नाही. त्या दोघांना माहीत आहे. तो तिच्या उंबरठ्याकडे बघतो, ती त्याच्याकडे.

इथून पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, मला खरंच ते तुझ्याकडून वाचायचं आहे. हे प्रकरण आधी लिही, लंडनचं नंतर नीट करता येईल. पोळ्यापर्यंत झालं तर घेऊन ये, संध्याकाळी मी घरीच असतो. काकूने तुझ्या वहीला कव्हर घातलंय, ओलं होऊ देऊ नकोस.

तुझा,
काका